वर्ड-एक्सेल बंद पडलं, उघडी फाइल गेली? आधी माउसवरचा हात काढा

‘अक्का, गेलं की सगळं!’

गेल्या एप्रिलमधली भर दुपार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघणारा मुलगा लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दुकानात शिरला. एक्सेलमध्ये २१४ गठ्ठ्यांची पॅकिंग लिस्ट करत होता. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, सगळी मदार चार्जरवर, आणि चार्जरच्या वायरीत त्याचाच पाय अडकला. पुन्हा चालू केल्यावर एक्सेल उघडलं, पण लिस्ट सकाळी सेव्ह केली होती तेवढीच.

‘उघडल्यावर काही आलं होतं का?’

‘डावीकडं कायतरी पट्टी आल्ती. मी फुली मारली.’

ही फुलीच घात करते. सात रस्त्याजवळ टायपिंग आणि डीटीपीचं दुकान चालवून मला २२ वर्षं झाली. वीज गेल्यानं किंवा सॉफ्टवेअर कोसळल्यानं जेवढं काम बुडताना पाहिलं, त्याहून जास्त काम त्यानंतरच्या पाच मिनिटांच्या घाबरगुंडीत बुडताना पाहिलंय. म्हणून खाली जे सांगतेय ते त्याच क्रमानं करा. घाई करायची नाही.

अजून स्क्रीनवर दिसतंय? मग मोबाइल काढा

सॉफ्टवेअर अडकलंय, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून आलंय, पण मजकूर दिसतोय, अशी वेळ असेल तर तुम्ही नशीबवान आहात. पहिल्यांदा मोबाइलनं स्क्रीनचा सरळ, स्वच्छ फोटो काढा. जेवढं पान दिसतंय तेवढं तरी हातात राहतं. गूगल लेन्स फोटोतला मराठी मजकूर उचलून देतं. जोडाक्षरं आणि आकडे मात्र एकेक करून तपासावे लागतात. बहुतेक वेळा क्रॅशच्या आधी आपण जे शेवटचं टाइप करत होतो तेच स्क्रीनवर असतं, आणि बॅकअपमध्ये नेमकं तेवढंच नसतं. त्यामुळे हा फोटो म्हणजे फाटलेल्या पानाचा नेमका तोच तुकडा.

मग थांबा. चहा पिऊन या, खरंच. मोठी शीट हजारो फॉर्म्युले पुन्हा मोजत असेल तर एक्सेल पाच-सात मिनिटं मेल्यासारखं पडून राहतं आणि मग उठून बसतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्या सॉफ्टवेअरसमोरचे सीपीयूचे किंवा डिस्कचे आकडे हलत असतील तर आत काम चालू आहे. ऑल्ट-टॅब दाबून मागच्या खिडक्याही बघा. कित्येकदा ‘सेव्ह करू का?’ विचारणारी छोटी चौकट मागे दडलेली असते आणि सॉफ्टवेअर बिचारं तुमच्या उत्तराची वाट बघत असतं. नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असला तरी वर्ड अडखळतं. तो चालू करून बघा.

काहीच हललं नाही तर टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’. मशिनचं पॉवर बटण दाबून धरू नका, त्यानं दुसऱ्या उघड्या फायलीही जातात. वर्डच्या सगळ्या खिडक्या एकाच दाव्याला बांधलेल्या असतात, एक बंद केली की सगळ्या बंद. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर रायटर (वर्डसारखं) आणि कॅल्क (एक्सेलसारखं) दोन्ही एकाच प्रोग्रॅमवर चालतात. तिकडे शीट कोसळली की इकडचं पत्रही जातं. म्हणून ज्या खिडक्या अजून हलताहेत त्या आधी सेव्ह करून घ्या.

सॉफ्टवेअर पुन्हा उघडण्याआधी

ही पायरी कोणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच.

आपण टाइप करतो तो मजकूर सेव्ह करेपर्यंत मशिनच्या तात्पुरत्या मेमरीत असतो. वीज गेली की ती मेमरी कोरी. पण सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी त्या मजकुराची एक गुपचूप नक्कल डिस्कवर ठेवत असतं. वर्ड-एक्सेलमध्ये मुळात हा काळ १० मिनिटांचा असतो. ही नक्कल म्हणजे तुमची फाइल नव्हे. ती फक्त अपघातासाठी असते, आणि सगळं सुरळीत झालंय असं सॉफ्टवेअरला वाटलं की ते ती पुसून टाकतं. तुम्ही पट्टीवर चुकीचं बटण दाबलंत तर तेव्हाही पुसतं. म्हणून ते पुसायच्या आधी आपणच नक्कलेची नक्कल करून ठेवायची.

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिथे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, टक्क्याचं चिन्ह, मग अ‍ॅपडेटा, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह (%appdata%) असं टाइप करून एंटर मारा. एरवी लपवलेलं रोमिंग नावाचं फोल्डर उघडतं. त्यात मायक्रोसॉफ्ट, आणि त्याच्या आत वर्ड आणि एक्सेल अशी फोल्डरं दिसतील. ती जशीच्या तशी डेस्कटॉपवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. लिब्रेऑफिस वापरत असाल तर त्याच रोमिंगमध्ये लिब्रेऑफिस, मग ४, मग यूजर, मग बॅकअप. तुमची आवृत्ती कितीही नवी असो, त्या फोल्डरचं नाव ४ च आहे. ते बघून गोंधळू नका.

एकदाही सेव्ह न केलेल्या फायलींचं घर वेगळं आहे. चौकटीत अ‍ॅपडेटाऐवजी लोकलअ‍ॅपडेटा (%localappdata%) लिहा, मग मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, अनसेव्ह्डफाइल्स. हेही कॉपी करा.

सॉफ्टवेअर आधीच उघडून बसला असाल तरी हरकत नाही. आत्ता कॉपी करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढे काहीही चुकलं तरी परत यायला जागा राहते.

पट्टी आली की

आता वर्ड किंवा एक्सेल उघडा. डावीकडे ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ची पट्टी येते. एकाच फाइलची दोन नावं दिसू शकतात: एकीखाली तुम्ही शेवटचं सेव्ह केलं ती वेळ, दुसरीखाली ऑटोसेव्हची वेळ. घड्याळ बघा आणि नंतरची वेळ असलेली उघडा. उघडल्यावर साधं सेव्ह करू नका. ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवं नाव द्या, म्हणजे नावापुढे ‘परत’ वगैरे काहीही. सापडलेली नक्कल मध्येच तुटलेली असू शकते. ती मूळ फाइलवर चढवली तर सकाळचं धड कामही जाईल.

सगळ्या फायली अशा बाजूला काढेपर्यंत पट्टी बंद करू नका. बंद केलीच तर सॉफ्टवेअर विचारतं, या फायली नंतर बघायच्या आहेत का. तिथे ‘हो, नंतर बघेन’ हाच पर्याय निवडा. आमच्या टॉवेलवाल्या मुलानं घाईत फुली मारली होती, पण पुढच्या प्रश्नाला न वाचताच ‘हो’ म्हणून एंटर दाबलं होतं. न वाचता एंटर दाबायच्या सवयीचा फायदा झालेला मी तेवढाच पाहिलाय. एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं, पट्टी परत आली, आणि १८० ओळी मिळाल्या. उरलेल्या ३४ गठ्ठ्यांचं वजन आणि नग त्यानं कारखान्यात जाऊन गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून भरले. संध्याकाळचे सात वाजले, पण गाडी त्याच रात्री निघाली.

लिब्रेऑफिसमध्ये पट्टी नसते, मधोमध चौकट येते. त्यात फायलींची यादी आणि दोन बटणं: निवडलेल्या परत मिळवा, किंवा सगळ्या टाकून द्या. दुसऱ्या बटणाच्या वाटेला जाऊ नका. परत मिळवल्यावर प्रत्येक फाइलसमोर तिची अवस्था लिहिलेली असते. ‘ओरिजिनल डॉक्युमेंट रिकव्हर्ड’ असं असेल तर फसू नका, त्याचा अर्थ फक्त शेवटची सेव्ह केलेली फाइल उघडली, मधलं काम त्यात नाही. इथेही सेव्ह अ‍ॅज.

परत मिळालेली आणि जुनी फाइल डोळ्यांनी जुळवत बसू नका. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कंपेअर’ आहे. लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘एडिट’मधल्या ‘ट्रॅक चेंजेस’खाली ‘कंपेअर डॉक्युमेंट’. दोन्हींतला फरक रंगवून समोर येतो.

पट्टी आलीच नाही तर

वर्डमध्ये फाइल, इन्फो, ‘मॅनेज डॉक्युमेंट’, आणि तिथे ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. ही सोय ऑफिस २०१० पासूनची. अजून २००७ वर काम करणारी दुकानं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. ‘सेव्ह करू का?’ला चुकून ‘नको’ म्हटलेल्या फायलीही इथे सापडतात, पण साधारण चार दिवसच. पाचव्या दिवशी धावत आलात तर हात हलवत परत जाल.

नाहीतर मघाशी डेस्कटॉपवर कॉपी केलेलं फोल्डर उघडा आणि तारखेनुसार लावा. वर्डच्या नकलांचं शेपूट, म्हणजे फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, डॉट एएसडी असतं. त्यावर दोनदा क्लिक करून उपयोग नाही. वर्डमधूनच फाइल-ओपन करा, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि मग ती उघडा. लिब्रेऑफिसच्या बॅकअप फोल्डरमध्ये डॉट बीएके दिसली तर ती आधीच्या सेव्हची प्रत आहे. तिची आणखी एक कॉपी करून शेपूट बदलून ओडीटी किंवा ओडीएस करा, उघडते.

मेलमधली फाइल डाउनलोड न करता तिथूनच उघडून त्यातच दोन तास टाइप करणारे महाभाग रोज भेटतात. ती फाइल टेम्पच्या, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरच्या, कुठल्यातरी बोळात सेव्ह झालेली असते. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह उघडून नावानं शोधा, ‘डेट मॉडिफाइड’नं लावा. आणि तोवर टेम्प साफ करणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू देऊ नका. मशिन दाखवायला इंजिनिअरला बोलावलंत तर त्याच्या तोंडून ‘फॉरमॅट’ हा शब्द निघायच्या आत फोल्डरं पेन ड्राइव्हवर घ्या.

फाइल आहे, पण उघडत नाही

एक किरकोळ प्रकार आधी संपवते. ‘फाइल दुसरं कोणीतरी वापरतंय’ असा निरोप येतो आणि दुकानात तर तुम्ही एकटेच. क्रॅशमुळे कुलूपफाइल मागे राहिलेली असते. त्याच फोल्डरमध्ये लपलेल्या फायली दिसतील असं करा. वर्ड-एक्सेलची कुलूपफाइल तरंगचिन्ह (~) आणि डॉलरनं सुरू होते, लिब्रेऑफिसच्या नावात ‘लॉक’ असतं आणि शेवटी हॅश. टास्क मॅनेजरमध्ये ते सॉफ्टवेअर मागे चालू नाही ना आणि शेजारच्या मशिनवर फाइल खरंच उघडी नाही ना, हे बघून ती कुलूपफाइल तेवढी उडवा.

फाइल खरोखर बिघडली असेल तर वर्ड किंवा एक्सेलमधून फाइल-ओपन-ब्राउझ करा, फाइल निवडा, पण ‘ओपन’ बटणावर नको, त्याच्या शेजारच्या बाणावर क्लिक करा. यादीत ‘ओपन अँड रिपेअर’ आहे. एक्सेल दुरुस्ती जमली नाही तर नुसते आकडे आणि फॉर्म्युले काढून देण्याची तयारी दाखवतं. तेवढ्यावर ‘हो’ म्हणावं.

त्यानंही नाही झालं तर सॉफ्टवेअर बदला. वर्डनं नाकारलेली फाइल लिब्रेऑफिसनं निमूट उघडलेली मी अनेकदा पाहिली आहे. ते फुकट मिळतं, त्यामुळे रोज वापरत नसलात तरी मशिनवर असू द्या.

आणि शेवटची युक्ती, जिच्यामुळे गिऱ्हाईक मला जादूगार समजतात. डॉक्स (docx), एक्सएलएसएक्स, ओडीटी या फायली म्हणजे मुळात झिप केलेली गाठोडी असतात. बिघडलेल्या फाइलची कॉपी करा. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून फाइलची शेपटं दिसू द्या, आणि कॉपीचं डॉक्स हे शेपूट काढून झिप करा. आता ती फोल्डरसारखी उघडते. आत ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल सापडेल, सगळा मजकूर त्यात. फोटो शेजारच्या ‘मीडिया’त. ओडीटी असेल तर मजकूर कंटेंट डॉट एक्सएमएलमध्ये. नोटपॅडमध्ये उघडल्यावर कंसांच्या जंगलात तुमची वाक्यं दिसतील, कधी एकच शब्द दोन तुकड्यांत. वेचून घ्यावी लागतात, पण मिळतात. फाइलचा आकार शून्य केबी दाखवत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, गाठोडंच रिकामं आहे.

मराठी मजकुराची वेगळी भानगड

इथे पुष्कळ जण चांगली फाइल हातची घालवतात. आपल्याकडे लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कोर्टाचे कागद अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतात. या फॉन्टांत मशिनच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. परत मिळवताना फॉर्मॅटिंग गेलं की मुखवटाही जातो आणि पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा खच दिसतो. ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून लोक डिलीट करतात. ती करप्ट नसते. सगळा मजकूर निवडा, आधीचा फॉन्ट पुन्हा द्या, मराठी उमटतं.

वर्डच्या ओपन चौकटीत ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ असाही एक प्रकार आहे. तो तर फॉर्मॅटिंग टाकून नुसता मजकूरच काढतो, तेव्हा जुन्या फॉन्टच्या फाइलवर तो वापरला तर वरचा प्रकार होणारच. नोटपॅडमधून उचललेल्या मजकुराचंही तेच. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, असेल तर ही कटकटच नाही, नोटपॅडमध्येसुद्धा मराठी मराठीच दिसतं. नव्या कामाला मी युनिकोडचाच आग्रह धरते. पत्रिकांना मात्र अजून जुनीच वळणदार अक्षरं लागतात, तिथे माझं कोणी ऐकत नाही.

मशिनच्या बाहेरही बघा

तासभर फोल्डरं धुंडाळण्याआधी आठवा, हा मसुदा कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का? प्रूफ म्हणून पीडीएफ गेलं होतं का? वर्डमध्ये पीडीएफ उघडता येतं आणि पुन्हा बदलताही येतं. मराठी युनिकोडचं पीडीएफ उलटं करताना अक्षरं कधीकधी फुटतात, पण तक्ते आणि आकडे बऱ्यापैकी येतात. टेबलाखालच्या रद्दीत चुकीचं निघालेलं प्रिंट असेल, तेही बघा. फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’त तासातासाच्या आवृत्त्या असू शकतात. क्लिपबोर्ड हिस्टरी चालू ठेवली असेल आणि मशिन बंद पडलेलं नसेल तर विंडोज आणि व्ही दाबून मघाशी कॉपी केलेले परिच्छेदही मिळतात.

कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी एकच ओळ: मूळ फाइलच्या शेजारी ‘बॅकअप ऑफ’नं सुरू होणारी फाइल शोधा.

सेटिंग आजच बदला

वर्ड, एक्सेल: फाइल, ऑप्शन्स, सेव्ह. ऑटोरिकव्हरची, म्हणजे त्या गुपचूप नकलेची, १० मिनिटं काढून २ करा. खालचा ‘सेव्ह न करता बंद केलं तरी शेवटची प्रत ठेवा’ हा चौकोनही टिक केलेला असू द्या. एक्सेलमध्ये त्याच पानावर ‘या फाइलपुरतं ऑटोरिकव्हर बंद’ असा चौकोन असतो. कोणी कधी तिथे टिक केली असेल तर काढा. वर्डच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘नेहमी बॅकअप कॉपी करा’ आहे, तेही चालू करा. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, ‘लोड/सेव्ह’, जनरल. २०२४ च्या २४.२ आवृत्तीपासून ऑटोरिकव्हरी आणि बॅकअप दोन्ही आपोआप चालू असतात. जुनी आवृत्ती असेल तर हातानं टिक करा.

वर डावीकडे दिसणारं ‘ऑटोसेव्ह’चं बटण वेगळं. ते फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच चालतं. त्याची एक उलटी बाजू आहे: गेल्या वर्षीचं बिल उघडून त्यातच या वर्षीचे आकडे भरायला लागलात की जुनं बिल त्याच क्षणी बदलत जातं. आधी ‘सेव्ह अ कॉपी’, मग टायपिंग.

कोरं पान उघडलं की पहिला शब्द टाइप करायच्या आत नाव देऊन सेव्ह करायचं, ही आमच्या दुकानातली शिस्त. पेन ड्राइव्हवरची फाइल थेट उघडायची नाही, आधी डेस्कटॉपवर कॉपी.

राहिला यूपीएस. त्याच्या शिसाच्या बॅटरीला सोलापूरचा उन्हाळा मानवत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना यूपीएस टेबलाखाली, भिंतीला चिकटून, वर कागदांचा ढीग घेऊन बसलेला असतो. महिन्यातून एकदा सगळ्या फायली सेव्ह करून बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटं टिकला तर ठीक. माझा गेल्या महिन्यात चौथ्या मिनिटाला एकदा ओरडला आणि झोपला. बॅटरी बदलून येईपर्यंत मी खिडकीतल्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि चार्जरची वायर आधी भिंतीकडेनं सरकवून चिकटपट्टीनं बांधली होती.